गळ्यातला मोजा

अकरा वर्षं माझ्या टायची गाठ माझे सासरे मारत होते. मला येत नव्हती म्हणून नव्हे. मला झकास येत होती. दिवसाला दहा गिऱ्हाइकांच्या गळ्यात मीच ती बांधून दाखवायचो. पण लिबोरियो आमित्रानोंच्या दुकानाची रीत अशी, की सकाळी साडेनऊला शटर वर गेलं की दुकानातल्या माणसाने मालकासमोर हनुवटी वर करून उभं राहायचं. मालक टाय निवडणार, मालक गाठ मारणार, गाठीखाली बोटाने खळगा पाडणार आणि छातीवर दोन थापा देऊन म्हणणार, "हं, आता माणसात आलास." दुकानातला माणूस म्हणजे मी एकटाच.

हनुवटी वर केली की छत दिसायचं. छतावर ओलीचा एक डाग होता. अकरा वर्षांत तो केवढा होता नि केवढा झाला, हे मी आजही कागदावर काढून दाखवीन.

मी घरजावई होतो. तळमजल्यावर सासऱ्यांचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर सासरे, चौथ्यावर मी आणि माझी बायको एर्मेलिंदा. चौथा मजलाही त्यांचाच. पलंग त्यांचा, कपाट त्यांचं, रविवारी मटणाचा रगू शिजायचा ते पातेलंही त्यांचंच. सासूबाई गेल्यापासून ते जेवायला आमच्याकडे वर यायचे आणि टेबलाच्या डोक्याशी बसायचे. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर पहिल्याच वर्षी भांडून मोकळा झालो असतो. कापडातलं जे काही मला कळतं ते त्यांनी शिकवलं. मी आजारी पडलो तर ते रात्र रात्र उशाशी बसले. असल्या माणसाला 'मला तुमच्याकडे गुदमरायला होतं' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी अडतीस वर्षांचा असताना, ऑक्टोबरात, ब्रांबाती आमच्या दुकानात आला. तिकडे वर उत्तरेत, बर्गामोजवळ त्याचा टायचा कारखाना होता. पण मागावरच्या रेशमाचे टाय नव्हेत. स्वेटर विणतात तसे रेशमी दोऱ्याने सुयांवर विणलेले. त्यांना खाली टोक नसतं, सरळ सपाट कड असते. सासऱ्यांनी त्यातला एक दोन बोटांत धरून उचलला.

"सिन्योर, मोजे पायात घालतात. निदान आमच्या नापोलीत तरी."

"हा टाय आहे," ब्रांबाती म्हणाला.

"मग एकच का? दुसऱ्या पायाने काय पाप केलंय?"

मी हसलो. हसायचंच असतं. ब्रांबातीने नमुन्यांची पेटी बंद केली आणि सासऱ्यांनी मला त्याला कोपऱ्यापर्यंत सोडून यायला सांगितलं, कारण अपमान केला तरी पाहुण्याला पेटी एकट्याने उचलू द्यायची नाही, हीही दुकानाची रीत.

कोपऱ्यावर कॅफे आहे. ब्रांबाती आत जाऊन चक्क खुर्चीवर बसला. कॉफी आम्ही उभ्याउभ्याच पितो; बसून पिणारा माणूस म्हणजे उत्तरेकडचा, हे वेटरनेही ओळखलं. त्याने पेटी संगमरवरी टेबलावर उघडली.

"एक उचला. तुमच्यासाठी. आवडेल तो."

मला वाटलं भेट देतोय. ती परीक्षा होती हे मागाहून कळलं.

काळा होता. काळा सगळेच घेतात, चुकायची भीती नसते. पण पांढऱ्या शर्टावर काळा बांधला की मी वेटर दिसतो. गडद निळा चांगला होता, पण माझा बरा म्हणावा असा एकुलता एक कोट निळा, निळ्यावर निळा विरून गेला असता. लालसर वाइनचा रंग, तो ज्याला खोलीत शिरताच सगळ्यांनी वळून बघावंसं वाटतं त्याच्यासाठी. हिरव्यापाशी मी थबकलो. मग डोळे मिटले आणि एकेक मुठीत दाबून बघितला. चांगलं रेशीम घट्ट विणलेलं असलं की मुठीत करकरतं, कोरड्या वाळूवर पाय पडावा तसं. शेवटी मी सुक्या तंबाखूच्या रंगाचा उचलला.

"हा का?" त्याने विचारलं.

"माझा कोट खरखरीत लोकरीचा आहे. त्यावर गुळगुळीत चकचकीत टाय घातला की तो उसना आणल्यासारखा दिसतो. खरखरीताला खरखरीतच शोभतं. आणि या रंगाचा टाय कुणाच्या लक्षात राहत नाही, माणूस लक्षात राहतो."

ब्रांबातीने कप खाली ठेवला. "हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. ते धादांत खोटं होतं.

मग तो बोलला ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. कारखान्यात गिऱ्हाइकांना माल दाखवायला त्याला माणूस हवा होता. राहायला घर मिळणार होतं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी अकरा वाजता तो परत याच कॅफेत असणार होता. "यायचं असेल तर हा टाय बांधून या. नाहीतर येऊच नका, मी समजून जाईन. मला 'विचार करतो' म्हणणारी माणसं नको आहेत."

मी टायची गुंडाळी करून खिशात टाकली आणि दुकानात परत आलो. सुयांवरच्या टायचं हे एक बरं असतं, कितीही चुरगळा, घडी पडत नाही.

एर्मेलिंदाला त्याच दुपारी सांगितलं. ती मटार सोलत होती. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "बर्गामोला धुकं असतं म्हणे."

"असतं."

"असू दे. इथलं ऊन कुठे आपलं आहे? चल, मी येते." मग सोललेले दाणे हाताने सारखे करत म्हणाली, "पण पपांना तू सांगायचंस. मी नाही. मी सांगितलं तर ते म्हणतील मुलगी जावयाला घेऊन गेली. तू सांगितलंस तर म्हणतील जावयाला पाय फुटले."

"सांगतो की."

"कधी?"

"उद्या."

त्या 'उद्या'ने पुढचे दहा दिवस माझं रक्त प्यायलं. रोज सकाळी ठरवून खाली जायचो. हनुवटी वर, समोर तो डाग. सासऱ्यांची बोटं गळ्याशी चालत असायची आणि माझे शब्द त्या बोटांच्या खालीच अडकायचे. त्या आठवड्यात त्यांची बोटं जरा हळू चालायला लागली होती. गाठ आवळायच्या आधी ते थांबायचे, "काय जावईबापू, काय म्हणताय?" असं विचारायचे. मी म्हणायचो, "काही नाही पपा, गार पडायला लागलंय." ते म्हणायचे, "हो, पडणारच." आणि गाठ आवळायचे. मला वाटलं, वय झालं, बोटं दुखत असतील.

वर घरात तो तंबाखूच्या रंगाचा टाय मी कपाटात ओव्हरकोटाच्या मागे हँगरवर टांगून ठेवला होता. आमच्या दुकानात टाय कधी गुंडाळलेला, पडलेला दिसला तर सासरे जेवत नसत. रेशीम टांगायचं, हे अकरा वर्षांत माझ्या हाडात मुरलं होतं. दिवसातून एकदा कपाट उघडून मी कोट बाजूला सारायचो, टाय जागेवर आहे ना बघायचो आणि परत झाकायचो. चोरून सिगारेट ओढणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली होती, अडतीसाव्या वर्षी.

शुक्रवारी सासऱ्यांनी मला बारीक ठिपक्यांचा टाय बांधला. मी म्हणालो, "पपा, दहा वाजता जरा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो." खोटं बोलायला तोंड उघडलं, खरं बोलायला उघडलं नव्हतं. ते म्हणाले, "जा. फार दिवस ठणकत असेल."

सकाळी वरून येताना मी तो दुसरा टाय गुंडाळून कोटाच्या खिशात आणला होता. बदलायचा कुठे? घरी गेलो तर एर्मेलिंदा विचारणार, "सांगितलंस?" रस्त्यात गळ्याशी खटपट करत उभा राहिलो तर संध्याकाळपर्यंत गल्ली बोलणार. म्हणून लिफ्टमध्ये शिरलो. आमच्या लिफ्टला आरसा होता आणि दहा लिरांचं नाणं टाकल्याशिवाय ती हलायची नाही. नाणं टाकलं, पाचवा मजला दाबला, ठिपक्यांचा टाय सोडला आणि तंबाखूचा बांधला.

तो पँटच्या पट्ट्याखाली वीतभर लोंबत होता.

मला वाटलं चुकीच्या जागी धरून बांधला. सोडला, परत बांधला. तेवढाच. पाचवा मजला आला. दुसरं नाणं टाकून खाली निघालो. आता पाठची पट्टी लांब ठेवून बघितली. नापोलीत आम्ही मुद्दामच तशी मोकळी, जरा बेफिकीर ठेवतो. ती गुडघ्याकडे निघाली. मग डोक्यात प्रकाश पडला. सुयांवर विणलेली वस्तू टांगायची नसते. दहा दिवस तो बिचारा स्वतःच्याच वजनाने ताणला जात होता. स्वेटर कुणी खुंटीला टांगत नाही, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. मागावरच्या रेशमात वाढलेल्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. आणि मी निघालो होतो कुणाकडे? ज्याने तो विणला त्याच्याकडे!

तळमजला आला तर दाराशी पाचव्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन उभी. तिने माझ्याकडे आणि माझ्या टायकडे बघितलं. "तुम्ही वर जा आधी," मी म्हणालो, आणि तिच्याबरोबरच परत वर गेलो. मग खाली. मग नाण्यासाठी खिसे चाचपले, दोनच मिळाली, परत वर. साडेदहा वाजून गेले. कपाळावर घाम. आरशात एक बावळट माणूस, गळ्यात पायघोळ मोजा. मला खरंच रडू यायला लागलं होतं. शेवटचं नाणं टाकून खाली आलो, तर लिफ्टचं दार बाहेरून उघडलं गेलं. सासरे.

त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग पट्ट्याखालच्या टोकाकडे. आत आले. दार लावून घेतलं.

"टांगलास?"

मी मान हलवली.

"हँगरवर?"

"हो पपा."

"मोज्याला फाशी देतात का रे? गुंडाळून खणात ठेवायचा असतो." त्यांनी टाय सोडला आणि मुठीत दाबला. करकरला. "रेशीम मात्र चांगलं आहे गाढवाचं. हनुवटी वर कर."

लिफ्टच्या छताला डाग नव्हता. एक पिवळा दिवा होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि सासऱ्यांनी पट्टीचा एक फेरा घेतला, मग त्यावर दुसरा फेरा घेतला. नेहमीची गाठ एका फेऱ्याची. दोन फेऱ्यांनी ती वीतभर लांबी गाठीतच जिरली. टोक बरोबर पट्ट्याला येऊन टेकलं. गाठ मारताना त्यांचे हात एकदाही अडखळले नाहीत.

"तुम्हाला हे कसं येतं?" मी विचारलं.

"मीही एकदा टांगला होता." त्यांनी छातीवर दोन थापा दिल्या. या वेळी 'माणसात आलास' म्हणाले नाहीत. "पळ. हे उत्तरेकडचे लोक घड्याळ बघतच जन्माला येतात. थांबायचे नाहीत."

त्यांना सगळं ठाऊक होतं! मी रस्त्यावर आलो आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या गल्लीतून ताठ चाललो. केवढा मोठा माणूस, आणि मी त्याला तुरुंगाधिकारी समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की कोपऱ्यापर्यंत मी जवळजवळ धावत गेलो.

ब्रांबाती त्याच टेबलाशी बसला होता. त्याने उठून माझा हात धरला, टायकडे पाहिलं आणि हसला.

"दोन फेरे! टांगून ठेवला होतात ना?"

"हो."

"नापोलीत दर दुसरा माणूस टांगतो. पण गाठ सुंदर आहे. तुम्ही मारलीत?"

"सासऱ्यांनी."

"मला वाटलंच. मोठा माणूस आहे तो." त्याने माझ्यासाठी कॉफी मागवली. "मंगळवारी मी त्यांना फोन केला होता. आपल्या धंद्यात मालकाला विचारल्याशिवाय कुणी माणूस घेत नाही, तुम्हालाही कल्पना असेलच. मला वाटलं होतं दहा शिव्या ऐकाव्या लागतील. पण ते म्हणाले, माझ्या जावयाने, नुंत्सियोने, मला सगळं सांगितलंय, आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

"दोघांनी," मी म्हणालो.

"दर हंगामाला तीनशे टाय घेणार ते. दर्शनी खिडकी पूर्ण माझ्या मालाची. आणि दक्षिणेतल्या सगळ्या दुकानांना माल तुमच्या दुकानातून जाणार. अट एकच, की ते काम तुम्ही बघायचं. तिथेच बसून." त्याने टेबलावर हात आपटला. "अहो, मला बर्गामोला एक माणूस हवा होता, त्याऐवजी अख्खं नापोली मिळालं! आणि तुम्हाला घर बदलायची कटकट नाही. अभिनंदन!"

मी म्हणू शकलो असतो, 'मला घरच बदलायचं आहे.' चार शब्द. पण ते म्हटले असते तर सासरे खोटे पडले असते, आणि त्यांनी खोटं बोलून माझी अब्रू झाकली होती. हात बांधायचे असले तर ते असे. मी कॉफी प्यायलो. ती पूर्ण गार झाली होती. ब्रांबातीशी हात मिळवला आणि दुकानात न जाता सरळ घरी गेलो.

एर्मेलिंदाने माळ्यावरची मोठी बॅग काढून, पुसून दाराशी ठेवली होती. आत तिचे लोकरीचे दोन मोजे आणि धुक्यासाठी म्हणून घेतलेला स्कार्फ, एवढंच. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तू पपांना अजूनही सांगितलेलं नाहीस," ती म्हणाली.

"त्यांना माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं."

सासरे जेवायला आले. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मासे होते. तिघेही माशांच्या काट्यांविषयी बोललो. ते खाली विश्रांतीला गेल्यावर मी टाय सोडायला गेलो तर गाठ हलेना. दोन फेऱ्यांची गाठ, त्यात घामाने भिजलेलं, विणलेलं रेशीम. एकात एक घट्ट रुतलं होतं. एर्मेलिंदाने नखांनी प्रयत्न केला. तिचं एक नख तुटलं.

"कात्री आण," मी म्हणालो.

"नको. खाली जा. त्यांनी मारलीय, त्यांनाच सोडू दे." तिने माझी कॉलर नीट केली. "आणि जातोच आहेस तर आता तरी सांग. नुंत्सियो, बॅग मी अजून आत टाकलेली नाही."

मी जिन्याने उतरलो. सासरे खिडकीशी चष्मा लावून बसले होते. मला बघताच त्यांनी खुर्ची पुढे ओढली, खणातून शिवण उसवायची हाडाची काडी काढली आणि म्हणाले, "बस. वर बघ."

ते काडीच्या टोकाने एकेक पीळ सैल करू लागले. दुपारची वेळ, खाली गल्लीत कुणीतरी रेडिओ लावला होता.

"पपा, तीनशे टाय कशाला घेतलेत?"

"विकायला."

"तुम्ही त्याला मोजा म्हणालात."

"मोजे विकत नाहीत का लोक?" काडी थांबली. "चोवीस वर्षांचा असताना मी असला एक टाय घेतला होता. जिनोआला जायचं म्हणून. आठवडाभर टांगला. मग बापासमोर उभा राहिलो आणि तोंडाने सांगितलं, मी चाललो. फाडकन थोबाडीत बसली. तरी गेलो. दोन वर्षं राहिलो, माझ्या पायांनी गेलो आणि माझ्या पायांनी परत आलो."

मी छताकडेच बघत होतो.

"मंगळवारी त्याचा फोन आला. बुधवारी सकाळी तुझ्या गळ्याशी मी मुद्दाम थांबलो. गुरुवारी थांबलो. आज थांबलो. तू म्हणालास, दात. त्याच्या आदल्या आठवड्यातही थांबत होतो, तुझं काहीतरी अडलंय हे दिसत होतं. तू एकदा बोलला असतास ना, तर मी शिव्या दिल्या असत्या, थोबाडीतही दिली असती, आणि मग तुझी बॅग डोक्यावर घेऊन स्टेशनवर आलो असतो. पण न बोलता जाणाऱ्याला मी मुलगी देऊन कशी पाठवू? म्हणून तीनशे टाय घेतले." काडी परत चालू लागली. "त्या मागणीची चिठ्ठी अजून पोस्टात टाकलेली नाही. ब्रांबातीला फोन करून ती रद्द करायला मला एक मिनिट लागेल."

गाठ सुटली. टाय गळ्यातून सरकला आणि मला मोकळा श्वास आला. त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओले होते की वयाने पाणावलेले, मला सांगता येणार नाही.

"हं. आता गळ्यात काही नाही. बोल."

वर दाराशी बॅग होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर एर्मेलिंदा उभी असणार, मला दिसत नव्हती पण माहीत होतं. मी तोंड उघडलं. माझी हनुवटी अजून वरच होती, ती खाली घ्यायची राहून गेली होती.

"पपा," मी म्हणालो, "आज दुकान चारला उघडायचं की साडेचारला?"

ते दुकान अकरा वर्षं दुपारच्या विश्रांतीनंतर साडेचारलाच उघडत होतं.  सासऱ्यांनी टाय मांडीवर सरळ केला, खालच्या टोकाकडून हळूहळू त्याची गुंडाळी केली आणि खणात ठेवली.

"साडेचारला," ते म्हणाले.

वर, चौथ्या मजल्यावर, बॅग परत आत ओढल्याचा आवाज आला.